पाठदुखीसाठी अभ्यंग-स्वेदनाची पहिली अपॉइंटमेंट: नेमकं काय होतं, काय विचारून घ्यायचं?

ओसरी

नमस्कार मंडळी,

मी ठाण्यात राहते, शाळेत शिकवते. गेले काही महिने कंबर आणि उजवा खांदा धरलाय. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की कळ पार दंडापर्यंत जाते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून 'हाडात काही नाही, स्नायू आखडलेत' म्हणून सांगितलं आणि व्यायाम दिले. ते चालू आहेत. आता ओळखीतल्या वैद्यांनी आठवडाभर अभ्यंग (तेलाचं मालीश), नाडीस्वेद आणि कंबरेला कटीबस्ती घ्यायला सुचवलंय. सोमवारपासून सुरू करायचंय.

बाळंतपणातलं मालीश सोडलं तर मी कधी कुणाकडून अंग चोळून घेतलेलं नाही. प्रश्न खूप आहेत, पण केंद्रात फोनवर विचारायला संकोच वाटला. कपडे किती काढावे लागतात? दुखतं का? जेवून जायचं की उपाशी? नंतर लगेच शाळेत जाता येईल का? बीपीची गोळी चालू आहे, त्याने काही फरक पडतो का? ज्यांनी घेतलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

निर्गुंडी

ओसरीताई, मी एका आयुर्वेद रुग्णालयाच्या पंचकर्म विभागात काम करते. रोज बायकांना अभ्यंग देते, त्यामुळे टेबलाच्या या बाजूने सांगते.

आधी कपड्यांचं, कारण बायकांना सगळ्यात जास्त काळजी त्याचीच असते आणि सगळ्यात शेवटी तेच विचारलं जातं. बायकांना बाईच अभ्यंग देते, पुरुषांना पुरुष. तुमच्या केंद्रात तसं नसेल तर तिथे जाऊच नका. आमच्याकडे वापरून टाकायची अंतर्वस्त्रं देतात, काही ठिकाणी पंचा किंवा सुती गाऊन असतो. तुम्ही कपडे बदलत असताना आम्ही खोलीबाहेर थांबतो. ज्या भागावर काम चालू असेल तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. पोटाला किंवा छातीला हात लावलेला नको असेल तर आधीच सांगा, ते वगळून सगळं करता येतं. खूप जणी अर्धं सिटिंग अंग आक्रसून पडून राहतात आणि मग स्नायू सैल होत नाहीत म्हणून वाईट वाटून घेतात. सांगितलंत तर आमचंही काम सोपं होतं.

बांगड्या, कानातले, चेन घरीच ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तरी हरकत नाही, आम्ही ते वर घेऊन केसांबरोबर बांधून ठेवतो.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तेल कोमट करतात, थेट गॅसवर नाही. मी ते आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघते, मग तुमच्या हातावर दोन थेंब टाकून विचारते. कुणी न विचारता ओतायला लागलं तर 'आधी थोडं लावून बघा' म्हणा. सुरुवात बसवून डोक्यापासून होते, मग उताणं, दोन्ही कुशींवर आणि पालथं. हातापायाला लांब हात फिरतो, गुडघा-खांदा-घोटा अशा सांध्यांवर गोल. साधारण अर्धा ते पाऊण तास.

नाडीस्वेद म्हणजे नळीने दिलेली वाफ. मोठ्या कुकरच्या शिट्टीच्या जागी रबरी नळी लावलेली असते, कुकरमध्ये दशमूळ किंवा निर्गुंडीच्या पाल्याचा काढा उकळत असतो. नळीच्या तोंडाला फडकं गुंडाळून आम्ही वाफ सतत फिरवत ठेवतो, एका जागी धरत नाही. कपाळावर घाम दिसायला लागला की थांबवतो. चटका बसायला लागला तर तोंड मिटून सहन करू नका. 'थोडं लांब धरा' एवढं बोललात तरी पुरे.

कटीबस्तीला पालथं झोपवून कंबरेवर उडदाच्या पिठाची गोल पाळी बसवतात आणि तिच्यात कोमट तेल ओततात. गार झालं की कापसाच्या बोळ्याने टिपून पुन्हा गरम घालतात. अर्धा तास हलायचं नसतं, म्हणून त्याआधी लघवीला जाऊन या. आणि मान एका बाजूला वळवून इतका वेळ राहवत नसेल तर कपाळाखाली उशी मागून घ्या.

बीपीची गोळी रोजच्या वेळेला घ्याच. आल्याबरोबर बीपी मोजायला सांगा. जास्त निघालं तर त्या दिवशी वाफ देत नाहीत. आणि उठताना झटकन उठू नका, कुशीवर वळून, मिनिटभर पाय खाली सोडून बसा, मगच उभ्या राहा.

लालमाती

कोल्हापूरकर आहे, लहानपण तालमीत गेलंय. आमच्याकडे पोरं एकमेकांना रगडतात, तो जोर बघून नवा माणूस ओरडेल. पण तो मेहनत केलेल्या अंगाला, रोजच्या सवयीने असतो. दुखणं घेऊन आलेल्या माणसाला तसा जोर कुणी लावू नये. 'जितकं जोरात तितकं चांगलं' ही समजूत काढून टाका.

दुसरं. पाय मुरगळून सुजला असेल तर आधी एक्स-रे. गावाकडे हाड बसवणाऱ्याकडे नेऊन तसाच चोळतात आणि बारीक फ्रॅक्चर असलेलं हाड आणखी सरकतं. आमच्या तालमीतल्या एकाचा घोटा असाच कायमचा अधू झाला.

कणा

फिजिओथेरपिस्ट आहे. निर्गुंडी यांनी फार नीट लिहिलंय. माझ्याकडून थोडी भर.

मालीशने काय होईल आणि काय होणार नाही हे आधी स्पष्ट असलेलं बरं. आखडलेला स्नायू सैल होतो, दुखणं कमी होतं, झोप चांगली लागते. कंबरदुखीसाठी मालीशवर झालेल्या चाचण्यांचा २०१५ सालचा कॉक्रेन आढावा (कॉक्रेन ही वैद्यकातल्या चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था) सांगतो की फायदा दिसतो तो मुख्यतः थोड्या काळापुरता, आणि पुरावाही फारसा भक्कम नाही. म्हणजे घेऊ नये असं नाही. दुखणं उतरलेल्या त्या दिवसांत व्यायाम करून घ्यायचा, कारण तेव्हाच हात वर जातो आणि कंबर वाकते. ओसरी, तुमचे व्यायाम आठवडाभर थांबवू नका, फक्त सिटिंगनंतर लगेच करू नका.

'मालीशने लॅक्टिक ॲसिड निघून जातं' हेही सर्रास सांगतात. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टिक ॲसिड साधारण तासाभरात आपोआप पूर्वपदावर येतं, त्याला मालीशची गरज नसते. कुणी 'विषद्रव्यं बाहेर काढतो' असं सांगून महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर जरा थांबा.

आता धोक्याच्या गोष्टी. या मात्र गंभीरपणे घ्या.

एका पोटरीत सूज, गरमपणा आणि दुखणं, विशेषतः प्लास्टर, ऑपरेशन किंवा लांबच्या प्रवासानंतर, असं असेल तर तिथे हात लावू द्यायचा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. काही वर्षांपूर्वी दिल्लीत एका तरुणाच्या दुखऱ्या, सुजलेल्या पायाला घरी तेल चोळलं गेलं, गुठळी सुटून फुप्फुसात गेली आणि तो दगावला. चोळणारी त्याची आईच होती. तिची काय चूक? तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं. म्हणून मी प्रत्येक पेशंटला सांगतो.

कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडत असेल, बसायच्या जागी बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मालीश नाही, थेट हॉस्पिटल. आणि त्याच दिवशी.

मान कटकन मोडणं, मग ते सलूनमध्ये असो की मालीशच्या टेबलावर, करू देऊ नका. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला आतून चीर पडून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकात नोंदलेल्या आहेत.

पाऊलवाट

माझा अनुभव चांगला नव्हता, तो लिहिते म्हणजे इतरांना उपयोग होईल. केंद्राचं नाव देत नाही. माझी हिस्टरी कुणी विचारलीच नाही. काउंटरवर पैसे घेतले आणि सरळ आत पाठवलं. देणारी मुलगी दोनदा फोनवर बोलली, तेल गरम होतं, आणि मी दुखतंय म्हटल्यावर 'दुखणारच, त्याशिवाय मोकळं कसं होणार' असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी पाठीवर काळेनिळे डाग. तरीही डिस्काउंट हवा तर दहा दिवसांचं पॅकेज आजच घ्या म्हणून मागे लागले होते.

आता मी दुसऱ्या ठिकाणी जाते. तिथे पहिल्या दिवशी अभ्यंग झालंच नाही, नुसतं विचारणं, तपासणं. आधी वाटलं वेळ फुकट गेला. पण त्या बाईंनी खांद्याला हात लावण्याआधी मला पाठीमागे हात नेऊन दाखवायला सांगितलं, कुठे अडकतं ते पाहिलं आणि लिहून ठेवलं. तेव्हाच समजलं की इथे माझ्या खांद्याचा विचार होणार.

हिरडा

मी वैद्य आहे. पाऊलवाट, तुमच्या पहिल्या केंद्रात जे राहून गेलं तिथेच खरी चिकित्सा सुरू होते. अभ्यंग प्रत्येकाला, प्रत्येक दिवशी चालत नाही. सर्दी-कफ भरलेला असताना, अजीर्ण असताना आणि वमन-विरेचन (औषधाने करवलेली उलटी आणि जुलाब) नुकतंच झालेलं असताना अभ्यंग करू नये हे आयुर्वेदाचे जुने ग्रंथकार वाग्भट यांनीच सांगून ठेवलंय. ताप असेल तर नाहीच. पाळीच्या दिवसांत आम्ही सिटिंग थांबवतो. म्हणून रोज टेबलावर जाण्याआधी भूक कशी आहे, पोट साफ झालं का, झोप लागली का, एवढं तरी विचारलं गेलं पाहिजे. कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा.

जेवणाचं: भरल्या पोटी नको आणि अगदी उपाशीही नको. जेवण होऊन दोन-तीन तास झालेले असावेत. सकाळी लवकरची वेळ असेल तर थोडी पेज किंवा गरम दूध घेऊन या. नंतर तास-दीड तास थांबून मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीची भाकरी असं हलकं जेवा. त्या दिवशी दही, थंड पाणी, दुपारची झोप टाळा. थेट पंख्याखाली किंवा एसीत बसू नका. ठाण्याहून लोकलने जात असाल तर परतताना दारात वारं खात उभं राहू नका, डोक्याला-कानाला रुमाल बांधा.

शाळेचं विचारलंत. जमलं तर संध्याकाळची, शाळा सुटल्यानंतरची वेळ घ्या. वाफ घेऊन लगेच चार तास उभं राहून शिकवलं तर मिळालेला आराम तिथेच संपतो.

तेल कुठलं वापरणार ते विचारा. महानारायण, सहचर, बला अशी तेलं बहुतेक तिळाच्या तेलात सिद्ध केलेली असतात. तिळाची ॲलर्जी असेल तर ते सांगायलाच हवं. त्वचा नाजूक असेल तर आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा. विषगर्भ तेलात धोतरा, बचनाग यांसारखी विषारी द्रव्यं असतात. ते जखमेवर लावायचं नाही आणि घरी दिलं तर मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवायचं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, मधुमेहामुळे पायाला बधिरपणा, ठिसूळ हाडं, गर्भारपण, मोठ्या व्हेरिकोज शिरा, कॅन्सरचा इतिहास यातलं काहीही असेल तर ते कागदावर लिहून न्या. मधुमेहात तळपायाला चटका कळत नाही, त्यामुळे वाफेने भाजलेले पेशंट मी पाहिलेत.

खर्चाची अडचण असेल त्यांच्यासाठी: मुंबईत वरळीचं पोदार, पुण्यात रास्ता पेठेतलं ताराचंद रामनाथ अशा आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत खाजगी केंद्रांपेक्षा बरंच कमी खर्चात पंचकर्म होतं. गर्दी असते, वाट पाहावी लागते, पण वैद्य तपासतात आणि केसपेपर असतो. गोव्यात धारगळला २०२२ साली सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे. खाजगीत जाणार असाल तर वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीनकडे आहे का, हे विचारायला लाजू नका. नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतंच.

मेपलपान

मी टोरांटोजवळ राहते. इकडे मसाज थेरपी हा नोंदणीकृत आरोग्य व्यवसाय आहे, त्यामुळे पद्धत जरा वेगळी वाटली. आधी आरोग्याचा लांबलचक फॉर्म. मग थेरपिस्ट समोर बसून एकेक गोष्ट विचारते, आज कुठे हात लावणार आणि का ते सांगते, आणि तुमची संमती घेते. छाती, मांडीची आतली बाजू, नितंब अशा भागांसाठी लेखी संमती लागते. मधेच 'आता नको' म्हटलं तर तिथल्या तिथे थांबणं तिच्यावर बंधनकारक आहे. ऑफिसच्या विम्यातून पैसे परत मिळतात, फक्त पावतीवर नोंदणी क्रमांक असावा लागतो.

भारतात आले की मी आईच्या ओळखीच्या केंद्रात अभ्यंग घेते. तिथेही हे सगळं मी स्वतःहून बोलते. सुरुवातीला त्या काकूंना नवल वाटलं, आता त्याच विचारतात, 'आज मान घ्यायची ना?'

परदेशातल्यांसाठी एक सूचना. तेलाचे टॉवेल धुऊनही त्यात तेल उरतं आणि ड्रायरच्या गरमीने ते पेट घेऊ शकतात. दोरीवर वाळवा.

ओसरी

बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर लिहून काढतेय. पाऊलवाट, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या केंद्राला फोन करून विचारलं: बाईच देणार, आधी वैद्य तपासणार, संध्याकाळी साडेपाचची वेळ मिळाली.

अबोली

थोडं वेगळं लिहिते, पण याच धाग्यात असलेलं बरं.

माझ्या सासूबाईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. काही काळाने त्या बाजूचा हात सुजायला लागला. शेजारच्या मावशी प्रेमाने म्हणाल्या, गरम तेलाने चोळून देते. नशिबाने आम्ही आधी विचारलं. टाटा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात समजावून सांगितलं की या सुजेला जोराचं मालीश आणि शेक दोन्ही चालत नाहीत.

याला वेगळ्या पद्धतीचं मालीश लागतं. १९३०च्या दशकात एमिल आणि एस्ट्रिड वॉडर या डॅनिश दांपत्याने ते बसवलं. हात कातडी हलेल एवढाच टेकवायचा, तेल नाही, आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून न करता मान आणि चांगल्या बाजूपासून, म्हणजे साचलेल्या द्रवाला जायला वाट मोकळी होते. त्यानंतर पट्ट्या बांधणं, व्यायाम, त्वचा कोरडी पडू न देणं. सासूबाईंना पहिल्या दिवशी वाटलं, ही मुलगी काही करतच नाहीये, नुसती हात फिरवतेय. आता त्या स्वतः आरशासमोर बसून करतात आणि रक्षाबंधनाला बांगड्या चढल्या म्हणून सगळ्यांना दाखवत होत्या.

तेव्हा कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही घरच्या घरी चोळू नका.

निर्गुंडी

अबोली, हे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. आमच्याकडे अशी एखादी बाई आली की आम्ही तिच्या कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र मागतो.

ओसरीताई, एक सांगायचं राहिलं होतं. तेल लावून झाल्यावर न्हाणीघरात घसरून पडणं हा सगळ्यात जास्त घडणारा अपघात आहे. टेबलावरून उतरण्याआधी तळपाय आणि चपलांचे तळवे कोरड्या फडक्याने पुसून घ्या, आणि हात द्यायला सांगा. वयस्कर मंडळींना तर एकटं सोडूच नका. घरी अंघोळ करणार असाल तर गरम पाणी, आणि साबणाऐवजी बेसन किंवा मसुराचं पीठ. कपडे जुने, सुती, गडद रंगाचे.

टेबलावर झोप लागली, घोरलात, पोटात वायू सरला, डोळ्यांत पाणी आलं, काहीही झालं तरी मनाला लावून घेऊ नका. बायका माफी मागतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. घरात दिवसभर सगळ्यांचं करणाऱ्या बाईच्या पाठीला बऱ्याच काळाने कुणी मायेने हात लावलेला असतो. रडू येतं कधीकधी. आम्ही हात न थांबवता गप्प राहतो, नाहीतर विचारतो, थांबू का?

आणि हात कुठे फिरतोय याबद्दल मनात शंका आली, तर ती खोटी ठरेल का याचा विचार करत बसू नका. 'थांबा' म्हणून उठून बसा, चादर अंगावर घ्या, बाहेर या. कुणी मुद्दाम वागलंय असं वाटलं तर ११२ वर फोन करा.

ओसरी

दोन सिटिंग झाली, म्हणून लिहितेय. वैद्यांनी सगळं विचारलं, बीपी मोजलं. ताई फार शांत होत्या. जोर किती हवा ते त्यांनी एक ते दहा असं सांगायला लावलं आणि पाचच्या पुढे जाऊ दिला नाही. कटीबस्ती मला खूप आवडली, कंबर पहिल्यांदाच जड वाटत नाहीये.

पण आज सकाळपासून उजवा खांदा उलट जास्त दुखतोय. सुन्न नाही, हात उचलता येतोय, दाबलं की दुखतं. हे चालतं का? उद्याचं सिटिंग घेऊ की नको?

कणा

चालतं. सवय नसताना गड चढून आल्यावर मांड्या भरून येतात तसलंच हे दुखणं, एक-दोन दिवसांत उतरतं. आज त्या खांद्याला कोमट पाण्याचा शेक द्या, हात हळूहळू हलता ठेवा, जड पिशवी दुसऱ्या हातात धरा.

उद्या जाऊन आधी ताईंना हे सांगा. त्या खांदा सोडून बाकीचं अंग घेऊ शकतात, किंवा खांद्याला नुसतं तेल लावून सोडून देऊ शकतात. मात्र मुंग्या हाताच्या बोटांपर्यंत जायला लागल्या, पकड ढिली झाली, किंवा रात्री दुखण्याने जाग आली, तर सिटिंग थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

हिरडा

+१. आणि ओसरी, आज फळ्याच्या वरच्या ओळी मुलांकडून लिहून घ्या.